टॉर्नेडोच्या दिवशी पडद्यावरच्या माहितीचं वय आणि उंची

अमेरिकेत टॉर्नेडोंचा उद्रेक होणार अशी चिन्हं दिसली की हवामानाचे हौशी अभ्यासक दोन-तीन दिवस आधीच नकाशे उघडून बसतात. माहितीची टंचाई नसते, ती नको तितकी असते. घोळ दुसरीकडेच होतो. समोरचा एक नकाशा तासाभरापूर्वीचा असतो, दुसरा संगणकाच्या मॉडेलने रंगवलेला असतो, तिसरा जमिनीपासून दीड किलोमीटर वरचा असतो. पाहणारा मात्र तिन्ही नकाशे ‘आत्ता, जमिनीवर’ असेच वाचतो. त्यामुळे प्रत्येक चित्राला आधी दोन प्रश्न विचारावेत: तू किती जुनं आहेस आणि हवेच्या कोणत्या थरातलं आहेस? उद्रेकाच्या दिवशी होणाऱ्या बहुतेक चुका या दोन प्रश्नांकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

आधी घड्याळ. सगळी बुलेटिनं आणि नकाशे यूटीसी वेळेत चालतात आणि आकड्यापुढे ‘झेड’ लिहिलेलं असतं. ओक्लाहोमा, आर्कान्सा, अलाबामा वगैरे राज्यांचं घड्याळ उन्हाळी वेळेत यूटीसीच्या ५ तास मागे असतं, हिवाळ्यात ६ तास. भारताचं साडेपाच तास पुढे. म्हणजे एप्रिलमध्ये १२ झेडला तिथे सकाळचे ७ आणि भारतात संध्याकाळचे साडेपाच. टॉर्नेडोंचा ऐन भर साधारण २१ ते ०३ झेडमध्ये असतो, म्हणजे तिथली दुपार ४ ते रात्र १०. भारतातून पाहणाऱ्यासाठी हे तास मध्यरात्रीनंतरच्या अडीचपासून सकाळी साडेआठपर्यंत येतात. संध्याकाळी ७ वाजता यूटीसीची तारीख बदलते, त्यामुळे आदल्या दिवसाची फाइल उघडून ‘काहीच नाही’ असं म्हणणारे दर वेळी भेटतात.

आउटलुक कसा वाचायचा

ओक्लाहोमातल्या नॉर्मन शहरात स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे, म्हणजे एसपीसी. पहिल्या दिवसाचा आउटलुक, म्हणजे त्या दिवसाच्या धोक्याचा अंदाज, ते ०६, १३, १६:३०, २० आणि ०१ झेडला काढतात. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट, हाय. बातम्यांमध्ये फक्त हा रंग फिरतो. कामाचा आकडा त्याच्या मागे असतो, टॉर्नेडोच्या संभाव्यतेच्या वेगळ्या नकाशात. तिथे १० किंवा १५ टक्के दिसले की नवख्याला ते किरकोळ वाटतात. हा आकडा ‘एखाद्या बिंदूपासून २५ मैलांच्या आत टॉर्नेडो होण्याची शक्यता’ सांगतो. एरवीच्या दिवशी ती एका टक्क्याच्याही खाली असते, म्हणून १५ टक्के हा भारी आकडा आहे आणि ३० टक्के तर वर्षात मोजक्याच दिवशी दिसतो.

एन्हान्स्ड किंवा मॉडरेट हा रंग गारा आणि सरळ रेषेतल्या वाऱ्यामुळेही येऊ शकतो, टॉर्नेडोमुळेच येतो असं नाही. नकाशाखालचा मजकूर न वाचता रंगावरून निष्कर्ष काढू नयेत. त्या मजकुरात अंदाजकर्ता नेमकी शंका कुठे आहे ते लिहितो: सकाळचे ढग हटतील का, वादळं सुटी राहतील की रांगेत जुळतील, बाष्प पुरेसं उत्तरेला पोचेल का. दिवसभर तपासायच्या गोष्टी तिथेच सापडतात, वेगळी यादी करावी लागत नाही.

मॉडेलांमध्ये लोकांचं लाडकं म्हणजे एचआरआरआर. तीन किलोमीटरच्या जाळीवर चालतं आणि दर तासाला नवं येतं. त्यातल्या ‘अपड्राफ्ट हेलिसिटी’च्या लांब लाल रेघा पाहून लोक गावांची नावं घ्यायला लागतात. ते करू नये. त्या रेघा वादळाच्या दोन ते पाच किलोमीटर उंचीवरच्या फिरकीच्या असतात, टॉर्नेडोच्या नव्हेत, आणि तीन किलोमीटरच्या जाळीत टॉर्नेडो बसतही नाही. मॉडेलकडून वादळाचा प्रकार आणि वेळ घ्यावी: सुट्या सुपरसेल (अख्खं वादळ स्वतःभोवती फिरतं अशी वादळं) की सलग रांग, सुरुवात दुपारी २ ला की सूर्यास्तानंतर. मॉडेलच्या लागोपाठच्या पाच-सहा धावांत प्रकार तोच राहिला तर विश्वास ठेवायला जागा आहे. जागा मात्र प्रत्येक धावेत पन्नास-शंभर किलोमीटर सरकते.

सकाळचा फुगा

हवामान फुगे रोज ०० आणि १२ झेडला सुटतात. मोठ्या दिवशी १८ झेडला, कधी त्याच्या अधेमधेही, जादा फुगे सोडले जातात. त्या दिवशी हाती येणारी सगळ्यात खरी मोजणी ही. फुगा वर जाताना तापमान, दवबिंदू आणि वारा प्रत्यक्ष मोजतो, त्यात मॉडेलचा अंदाज मिसळलेला नसतो. अडचण इतकीच की केंद्रं शेकडो किलोमीटर अंतरावर आहेत आणि १२ झेडच्या आलेखात दिसते ती सकाळची हवा. वादळ दुपारी ४ ला येणार आणि तुम्ही ७ ची हवा पाहून बोलता आहात, हे सतत ध्यानात ठेवायला हवं.

आलेखात पाहायचं काय? वादळाला मिळू शकणारी ऊर्जा म्हणजे केप. मे महिन्यात २००० ते ३००० जूल प्रतिकिलो सहज मिळते, पण डिसेंबर किंवा मार्चमध्ये वारा जोरदार असेल तर १००० जूलवरही भयंकर दिवस घडतात. जमिनीपासून ६ किलोमीटरपर्यंत वाऱ्यात ४० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) फरक असेल तर सुपरसेल टिकू शकते. टॉर्नेडोसाठी त्याहून महत्त्वाचा असतो पहिला एक किलोमीटर. त्या थरातली वादळ-सापेक्ष हेलिसिटी, म्हणजे वादळात शिरणाऱ्या हवेला असलेला पीळ, १५० च्या वर गेली की लक्ष द्यावं, ३००-४०० च्या वर असेल तर दिवसाची जात वेगळी आहे. ढगाचा पाया १००० मीटरच्या खाली असलेला बरा. पाया उंच असला तर पावसाची हवा कोरड्या थरातून खाली येताना फार थंड होते आणि फिरकीला वर उचलणं अवघड जातं.

एक गोष्ट बरेच जण पाहत नाहीत: ओलसर थराची जाडी. जमिनीवर दवबिंदू २० अंश सेल्सिअस आहे म्हणून आनंद होतो, पण तो ओलावा जेमतेम तीन-चारशे मीटर जाड असेल तर दुपारच्या उन्हात वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि तीनच्या सुमाराला दवबिंदू १६ वर आलेला असतो. ओलावा किलोमीटरभर तरी जाड हवा.

वरच्या उबदार कोरड्या थराला कॅप म्हणतात. हा थर बहुतेक वेळा मेक्सिकोच्या पठारावर तापून ईशान्येला वाहत आलेला असतो, आणि कुकरच्या शिटीवरच्या वजनासारखं काम करतो. नसला तर सकाळपासूनच सगळीकडे वादळं उठतात, एकमेकांचा ओलावा ओरपतात आणि कोणतंच नीट वाढत नाही. फार जड असला तर संध्याकाळपर्यंत निळं आकाश. ७०० मिलिबारला, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीवर, १२ अंशांच्या वर तापमान असेल आणि वर उचलणारं काही नसेल, तर माझा कौल निळ्या आकाशाला.

बेत कुठे फसतो

उद्रेक फसतो त्याला कारणं चार-पाचच असतात. सकाळच्या पावसाने थंड हवेचा थर पसरवून ठेवला. ढगांचं छत हटलं नाही. वादळं फार लवकर आणि फार जवळजवळ उठली. मधल्या थरात वारा उलटा वळला. किंवा वर उचलणारी लाट सूर्यास्तानंतर पोचली.

२० मे २०१९ हा या बाबतीतला प्रसिद्ध दिवस. ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या भागासाठी हाय रिस्क होता, टॉर्नेडोची संभाव्यता ४५ टक्के दाखवली होती, ओक्लाहोमा सिटीच्या परिसरातल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. टॉर्नेडो झाले, डझनांनी झाले, पण ज्याची धास्ती होती ते लांबलचक, महाविध्वंसक टॉर्नेडो मध्य ओक्लाहोमात झाले नाहीत. अशा दिवसानंतर ‘अंदाज चुकला’ म्हणणं सोपं आहे. ४५ टक्क्यांत ५५ टक्के न होण्याचेही असतात, हे सकाळी कुणाला आठवत नाही.

उलट बाजूही आहे, आणि ती जास्त धोक्याची. सकाळचा पाऊस नेहमी बेत मोडतोच असं नाही. २७ एप्रिल २०११ ला अलाबामात पहाटे वादळांची एक रांग जोरात गेली, तिने विजेचे खांब पाडले, हवामान खात्याच्या रेडिओचे काही ट्रान्समीटर बंद पाडले. दुपारी उत्तरेला आणखी एक रांग येऊन गेली. अनेकांना वाटलं, झालं. मग ऊन पडलं, दक्षिणेचा ओलावा परत आला आणि सुट्या सुपरसेल उठल्या. त्या एका दिवसात चार ईएफ-५ (नुकसानीच्या श्रेणीतली सगळ्यात वरची पायरी) टॉर्नेडो झाले आणि तीनशेहून अधिक माणसं गेली. टस्कलूसात टॉर्नेडो संध्याकाळी ५ नंतर शिरला तेव्हा पहाटे तुटलेली वीज आणि इशाऱ्याची साधनं कित्येक ठिकाणी पूर्ववत झालेली नव्हती. पहाटेच्या पावसाची थंड सीमारेषा दुपारी कुठे थांबली आहे हे नकाशावर हाताने आखावं. त्या रेषेच्या कडेला जमिनीलगतचा वारा आग्नेयेकडून येतो, पहिल्या किलोमीटरमधला वाऱ्याचा बदल वाढतो, आणि रेषेच्या कडेने जाणारं वादळ एकाएकी फिरायला लागतं.

ही रेषा सापडते कुठे? दर तासाच्या विमानतळांच्या नोंदींत आणि उपग्रहाच्या चित्रात. जीओईएस-१९ उपग्रह मोठ्या दिवशी निवडक चौकोनाचं चित्र मिनिटामिनिटाला देतो, त्यात रेषेवर कापसासारख्या छोट्या ढगांची ओळ दिसते. उपग्रह विषुववृत्ताच्या वर असल्याने उंच ढगाचा माथा नकाशावर प्रत्यक्षापेक्षा उत्तरेला सरकलेला दिसतो. १३-१४ किलोमीटर उंच माथ्यासाठी हा फरक दहा-पंधरा किलोमीटरचा पडतो, म्हणून उपग्रहावरून गाव ठरवू नये. एसपीसीचे तासागणिक येणारे ‘मेसोअॅनॅलिसिस’ नकाशे फार उपयोगी आहेत, पण त्यांत जमिनीवरच्या नोंदी आणि ताज्या मॉडेलचा वरचा थर यांचं मिश्रण असतं. जमिनीजवळच्या आकड्यांवर जास्त भरवसा, वरच्या आकड्यांवर थोडा कमी.

वॉच म्हणजे पुढच्या काही तासांत मोठ्या भागात धोका आहे अशी सूचना, वॉर्निंग म्हणजे धोका समोर आल्याचा इशारा. वॉच निघण्याआधी एसपीसी बहुधा ‘मेसोस्केल डिस्कशन’ काढते आणि त्यात वॉच निघण्याची शक्यता टक्क्यांत देते. वॉच निघाला की त्याखालचा तक्ता उघडावा. दोन किंवा जास्त टॉर्नेडोंची शक्यता एका ओळीत, एक तरी ईएफ-२ किंवा वरचा टॉर्नेडो होण्याची शक्यता दुसऱ्या ओळीत. पहिली ओळ मोठी आणि दुसरी छोटी असेल तर रांगेतल्या लहान, झटपट विरणाऱ्या टॉर्नेडोंचा दिवस आहे. दोन्ही मोठ्या असतील तर सुपरसेलचा.

रडार

अमेरिकेच्या राष्ट्रीय जाळ्यात डब्ल्यूएसआर-८८डी जातीची सुमारे १६० रडारं आहेत, तरंगलांबी १० सेंटीमीटर. सगळ्यात खालचा झोत बहुतेक ठिकाणी अर्ध्या अंशाने वर उचललेला असतो. त्यात पृथ्वीची गोलाई मिळवली की झोताचा मध्य ५० किलोमीटरवर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर, १०० किलोमीटरवर सुमारे दीड किलोमीटर आणि १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्या वर जातो. झोत पसरतोही, १०० किलोमीटरवर त्याची रुंदी दीड किलोमीटरहून जास्त होते. तीनशे मीटर रुंद टॉर्नेडो त्या रुंदीत मिसळून जातो. म्हणून लांबच्या रडारवर टॉर्नेडो दिसत नाही, दिसते ती त्याच्या वरच्या ढगातली फिरकी. जवळच्या रडारवरची मध्यम फिरकी आणि लांबच्या रडारवरची मध्यम फिरकी या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. अॅपमध्ये वादळ हाताळताना पहिलं काम हेच: कोणतं रडार सगळ्यात जवळ आहे ते पाहून तेच लावणं, आणि वादळ पुढे सरकलं की रडार बदलणं.

दुसरं काम वय तपासणं. पूर्ण फेरीला रडारला पाच-सहा मिनिटं लागतात. वादळी दिवशी खालचा कोन मध्येमध्ये पुन्हा फिरवतात, त्यामुळे सगळ्यात खालचं चित्र दीड-दोन मिनिटांनी मिळू शकतं, वरचे कोन मात्र जुनेच राहतात. वसंताच्या सुरुवातीची वादळं ताशी ६० मैलांनी पळतात, म्हणजे मिनिटाला एक मैल. पाच मिनिटं जुनं चित्र आठ किलोमीटर मागे असतं. बातम्यांच्या साइटवरचे गुळगुळीत, अनेक रडारं जोडून केलेले नकाशे तर आणखी मागे असतात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने वैमानिकांना मुद्दाम सावध केलं होतं, की कॉकपिटमधल्या जोडलेल्या रडार चित्रावर लिहिलेल्या वेळेपेक्षा आतली माहिती टोकाच्या प्रसंगी १५ ते २० मिनिटं जुनी असू शकते. टॉर्नेडोसाठी असले नकाशे निरुपयोगीच धरावेत. रडारस्कोप किंवा जीआरलेव्हल३ सारख्या प्रोग्रॅममध्ये एकेका रडारचा कच्चा डेटा मिळतो. तो वापरावा आणि ‘स्मूदिंग’ बंद ठेवावं. गुळगुळीत केलेल्या चित्रात शेजारशेजारचे दोन विरुद्ध वारे एकमेकांत विरघळतात, आणि आपल्याला नेमके तेच पाहायचे असतात.

पडद्याचे चार भाग करावेत: रिफ्लेक्टिव्हिटी (पावसाचा जोर), वादळ-सापेक्ष व्हेलॉसिटी (वादळाची चाल वजा केलेला वारा), मूळ व्हेलॉसिटी (प्रत्यक्ष वारा) आणि कोरिलेशन कोएफिशंट, म्हणजे सीसी (झोतातले कण किती एकसारखे आहेत त्याचं माप). रिफ्लेक्टिव्हिटीत वादळाच्या मागच्या, बहुधा नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात गळासारखा वाक, म्हणजे हूक, दिसतो. तो सुंदर दिसतो म्हणून लोक त्यावर अडकतात. हूक असूनही टॉर्नेडो न होणारी वादळं भरपूर असतात, आणि पावसात पूर्ण गुंडाळलेल्या सुपरसेलमध्ये हूक नीट दिसतही नाही. वादळात हवा आत शिरते ती खाच कुठे आहे आणि ती उघडी आहे की पावसाने बुजली आहे, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

व्हेलॉसिटीत हिरवा म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. इथे रडार नकाशावर कुठे आहे हे माहीत नसेल तर सगळं उलटं वाचलं जातं. उत्तर गोलार्धातल्या नेहमीच्या फिरकीत, रडारच्या जागेवरून वादळाकडे तोंड करून उभं राहिल्याची कल्पना केली तर हिरवा डावीकडे आणि लाल उजवीकडे येतो. हिरवा-लाल एकमेकांना चिकटून, लागोपाठच्या दोन किरणांत असतील तर ती घट्ट जोडी. तिची ताकद मोजायची रीत सोपी: दोन्ही टोकांच्या वेगांची बेरीज भागिले दोन. येणारा ५० आणि जाणारा ६० नॉट असेल तर फिरकी ५५ नॉट. जवळच्या रडारवर ३० च्या आसपास कान टवकारावेत. ५० च्या वर आणि हवाही पोषक असेल तर मोठ्या टॉर्नेडोची शक्यता धरावी. ७० च्या वरचा आकडा विरळा, आणि तो दिसला की त्याच्या पुढ्यातल्या गावासाठी वेळ फार थोडा उरलेला असतो.

व्हेलॉसिटी फसवते ती दोन प्रकारे. रडार ठरावीक वेगापर्यंतच, साधारण ५० ते ६० नॉट, थेट मोजू शकतं. त्याहून जोराचा वारा उलट्या रंगात गुंडाळून येतो आणि प्रोग्रॅम तो सुलटा करायचा प्रयत्न करतो. प्रयत्न फसला की लाल पट्ट्यात एकदम कडक कडांचा हिरवा तुकडा उगवतो. खरी जोडी दोन-तीन चित्रांत टिकते, वादळाबरोबर सरकते आणि वरच्या कोनातही दिसते. खोटा तुकडा पुढच्या चित्रात गायब होतो किंवा किरणाच्या दिशेने लांबट ओघळतो. दुसरी फसवणूक जांभळ्या रंगाची. लांबच्या पावसाचा परतलेला सिग्नल जवळच्यात मिसळला की रडार तिथे हात टेकतं आणि जांभळा रंग भरतं. नेमकी हूकवरच ही चादर आली तर शेजारचं रडार लावण्याशिवाय इलाज नाही.

सीसी हा दुहेरी ध्रुवीकरणाचा, म्हणजे रडारने आडव्या आणि उभ्या दोन्ही लहरी पाठवण्याचा, फायदा, जो २०१३ पर्यंत साऱ्या जाळ्यात पोचला. थेंब एकसारखे असतील तर सीसी ०.९७ च्या वर राहतो. झोतात फळ्या, पत्रे, पानं, इन्सुलेशन उडत असेल तर तो ०.८ च्या खाली कोसळतो. मात्र एकटा सीसी पुरावा होत नाही. मोठ्या गारा, पाऊस नसलेल्या भागातली धूळ आणि किडे, कमजोर सिग्नल यांनीही तो पडतो. घट्ट जोडी, चांगली रिफ्लेक्टिव्हिटी आणि पडलेला सीसी, तिन्ही एकाच जागी आणि एकाच कोनात असतील तरच ढिगारा उडतोय असं म्हणावं. आणि ते दिसलं तेव्हा टॉर्नेडो आधीच जमिनीवर आहे. ढिगारा झोताच्या उंचीपर्यंत चढायला काही मिनिटं जातात. उघड्या माळावर उडवायला काही नसल्याने मोठा टॉर्नेडो असूनही ढिगाऱ्याची खूण दिसत नाही, हेही धरून चालावं. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतल्या मेफील्डमधून गेलेल्या टॉर्नेडोचा ढिगारा रडारवर ३० हजार फुटांच्या वर दिसला होता. रात्रीच्या काळोखात, वेगाने पळणाऱ्या वादळात तो दिसणं हाच टॉर्नेडोचा ठोस पुरावा होता.

वादळांची सलग रांग असेल तर वर सांगितलेलं बरंच काही लागू पडत नाही. रांगेतल्या फिरक्या दोन-तीन मिनिटांत तयार होतात, कधी रडारच्या दोन फेऱ्यांच्या मध्येच होऊन संपतात. तिथे जोडीची वाट पाहू नये, रांगेचा आकार पाहावा: कुठे ती पुढे फुगली आहे, कुठे इंग्रजी ‘एस’सारखी मुडपली आहे, आणि जमिनीपासून ३ किलोमीटरपर्यंतचा वाऱ्याचा फरक रांगेला काटकोनात ३० नॉटच्या वर आहे का. मुडपलेल्या जागेच्या उत्तरेला लक्ष ठेवायचं.

इशाऱ्याचा मजकूर

वॉच एसपीसी काढते, वॉर्निंग मात्र राष्ट्रीय हवामान सेवेचं स्थानिक कार्यालय. २००७ पासून वॉर्निंग अख्ख्या काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) न लागता आखलेल्या बहुभुजाला लागते. नातेवाईक तिकडे असतील तर त्यांच्या काउंटीचं नाव आणि बहुभुजातली जागा दोन्ही पाहावं, कारण काउंटी लांबरुंद असते. मजकुराच्या तळाशी दोन ओळी असतात. एकीत ‘रडार इंडिकेटेड’ किंवा ‘ऑब्झर्व्ड’. दुसरी ओळ नेहमी नसते. असली तर नुकसानीचा धोका ‘कन्सिडरेबल’ किंवा ‘कॅटस्ट्रॉफिक’. शेवटचा शब्द टॉर्नेडो इमर्जन्सीचा. ही भाषा पहिल्यांदा ३ मे १९९९ ला ओक्लाहोमा सिटीच्या टॉर्नेडोच्या वेळी वापरली गेली.

प्रत्यक्ष त्या भागात असाल तर अॅपवर भिस्त ठेवू नका. १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सात वारंवारितांवर चालणारा हवामान रेडिओ घ्या, त्यात आपल्या काउंटीचा सहा आकडी कोड भरा, बॅटऱ्या ताज्या ठेवा, आणि फोनचे इशारे रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’मधूनही वाजतील अशी सोय करा. तळघर, नसेल तर सगळ्यात खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची आतली खोली. मोबाइल होममध्ये, म्हणजे पक्का पाया नसलेल्या हलक्या तयार घरात, थांबायचं नाही, वॉच लागतानाच दुसरीकडे जायचं. पुलाखालची जागा आसरा नव्हे.

रस्त्यावर उतरून पाठलाग करण्याबद्दल थोडकंच. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रेनोचा टॉर्नेडो २.६ मैल रुंद झाला, वळला आणि वेग वाढवला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे अनुभवी संशोधक त्यात गेले. त्यांच्यासारखी माणसं सापडू शकतात तिथे फोनवरचं पाच मिनिटं जुनं रडार पाहून मध्ये घुसणाऱ्याने काय समजावं? शिवाय गाडी हाच मोठा धोका आहे. २८ मार्च २०१७ ला टेक्सासमध्ये स्परजवळ दोन गाड्यांच्या टकरीत तीन पाठलाग करणारे गेले, आणि २९ एप्रिल २०२२ ला पाठलागावरून परतणारे ओक्लाहोमा विद्यापीठाचे तीन विद्यार्थी पावसाळी महामार्गावरच्या अपघातात. वादळाच्या आग्नेयेला राहा, दक्षिणेकडे जाणारा पक्का रस्ता आधी शोधा, मातीचे रस्ते वर्ज्य, आणि झाडी-टेकड्यांच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पाठलाग करूच नका. काही कळवायचं असेल तर स्वतःची जागा, दिसलेल्या गोष्टीची दिशा, अंतर आणि वेळ सांगा. ढगाखाली लोंबणारी प्रत्येक चिंधी टॉर्नेडो नसते. मिनिटभर बघून ती गोल फिरते का ते आधी ठरवा. रात्री जमिनीलगत निळसर-हिरवे लखलखाट दिसले तर ते बहुधा तुटणाऱ्या विजेच्या तारांचे.

दुसऱ्या दिवशीचे आकडे

उद्रेकाच्या रात्री एसपीसीच्या पानावर दिसणारा टॉर्नेडोंचा आकडा हा आलेल्या बातम्यांचा आकडा असतो. एकाच लांब टॉर्नेडोची खबर पाच गावांतून आली तर पाच खुणा पडतात. पुढचे काही दिवस स्थानिक कार्यालयांची पथकं फिरतात, मार्ग जोडतात, वेगळे करतात. झाडं सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी बाहेर पडलेली असतील तर सरळ वारा, मध्याकडे झुकून पडलेली असतील तर टॉर्नेडो. एप्रिल १९७४ च्या उद्रेकात १४८ टॉर्नेडो झाले, त्याच्या हवाई पाहणीत वादळतज्ज्ञ टेड फुजितांना एके ठिकाणी झाडं ताऱ्यासारखी चहूकडे पडलेली दिसली आणि डाउनबर्स्टच्या (ढगातून जमिनीवर आदळून चहूकडे पसरणारा वारा) कल्पनेला तिथून वाट मिळाली. एप्रिल २०११ च्या २५ ते २८ तारखांसाठी अंतिम आकडा साडेतीनशेच्या वर गेला.

ईएफ श्रेणी २००७ पासून वापरात आहे आणि ती नुकसानीवरून ठरते: २८ प्रकारच्या खुणा, प्रत्येकीला वाऱ्याचा अंदाज. १६६ ते २०० मैल प्रतितास म्हणजे ईएफ-४, त्याच्या वर ईएफ-५. रडारने मोजलेला वेग त्यात धरत नाहीत, म्हणून एल रेनोच्या टॉर्नेडोला आधी दिलेलं ईएफ-५ त्याच वर्षी ईएफ-३ वर उतरलं, जरी फिरत्या रडारांनी त्यात प्रचंड वेग टिपला होता. उलटही होतं. नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळ २० जून २०२५ ला झालेला टॉर्नेडो आधी खालच्या श्रेणीत होता. उलटलेल्या, फेकल्या गेलेल्या मालगाडीच्या डब्यांचा हिशेब झाल्यावर ऑक्टोबरमध्ये तो ईएफ-५ ठरला, ओक्लाहोमातल्या मूर शहराच्या २०१३ च्या टॉर्नेडोनंतरचा पहिला. स्वतःच्या वहीत उद्रेकाची नोंद ठेवणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक श्रेणीपुढे ती कोणत्या तारखेला पाहिली ते लिहावं, आणि काही महिन्यांनी ‘स्टॉर्म डेटा’ या अधिकृत वादळ-नोंदीत अंतिम नोंद आली की तिच्याशी ताडून घ्यावं.